तिसऱ्या कडव्यावर येणारा वास

काल अमरावतीहून अकोल्याला जात होतो. बडनेरा मागे पडलं आणि गाडीत जळका वास सुटला... मंगेशने लगेच गाडी बाजूला घेतली, वाकून खाली पाहिलं. सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी चिकटून वितळत होती.

कारण एवढंसंच. पण तो काडीने पिशवी खरवडत होता तेवढ्यात मी पार दुसऱ्याच रस्त्यावर जाऊन पोचलो... वरूडहून अमरावतीला येणाऱ्या, फुफाट्याच्या, कडुनिंबांच्या रस्त्यावर.

तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांतात होता. साहेबाचं राज्य, त्यात लढाई चालू, पेट्रोल मोजून मिळायचं. शेंदूरजनाघाटला आमचा संत्र्यांचा बगीचा, अन् वरूडला मामांचा संत्र्यांचा व्यापार. मामांची एक जुनी मोटार होती... त्यांचा तिच्यावर फार जीव.

माझी ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे पाय सुजले, डोकं ठणकू लागलं. सुईण म्हणाली, हे माझ्या हातचं नाही, अमरावतीच्या दवाखान्यात न्या.

मोटारीच्या मागच्या सीटमधला काथ्या टोचायचा. आईने आदल्या दिवशी पिंजाऱ्याला बोलावून तो काढायला लावला आणि घरचा कापूस ठासून भरून घेतला. आमच्याकडे मायेने काही करायचं तर आधी कापूसच आठवतो...

सकाळी निघालो. मागे आई, तिच्या मांडीवर ताईचं डोकं. पुढे मामांशेजारी मी. निघता निघताच कळा सुरू झाल्या होत्या. ताई म्हणाली, "तुही शाळेतली कविता म्हण रे. जीव रमते."

नदीवरची कविता होती, गुरुजींनी चालीवर शिकवलेली. अजूनही ती चाल आठवली की डोळ्यांसमोर खडूची भुकटी तरंगते... मी म्हणू लागलो. तिसऱ्या कडव्यावर आलो आणि जळका वास आला.

मामांनी मोटार थांबवली. झाकण उघडून पाणी पाहिलं, तेल पाहिलं, वायरी हुंगल्या, चाकांना हात लावला. "ब्रेक गरम नाही, वायर साबूत आहे... मंग जळून काय राहिलं?"

आई म्हणाली, "तुह्या या डबड्यापायी माही पोरगी रस्त्यात अडकते का रे?"

"अक्का, मोटारीले बोल नको लावू. आजवर दगा नाही देल्ला तिनं."

त्यांनी आम्हाला उतरवलं. ताईला निंबाखाली गोधडीवर निजवलं, आणि ते एकटेच मोटार पुढे नेऊन परत आले. वास नाही. पेट्रोल तेवढं गेलं.

पुन्हा बसलो. ताईने ओठ घट्ट मिटले होते, पण हाताने मला खूण केली... म्हण. मी पहिल्यापासून सुरू केली. तिसरं कडवं आलं आणि वासही आला. आता तर उदबत्तीसारखी बारीक धुराची रेघ दिसत होती.

मामा पुन्हा झाकणाकडे धावले. तेव्हा ताईच बोलली, एकेक शब्द तोडत. "मामा, इंजिनात नाही ते. आमी उतरलो का वास जाते, बसलो का येते... सीट पाहा ना."

सीट उचलली. खालीच बॅटरी होती. मागे आई-ताईचं वजन पडलं की सीटच्या स्प्रिंगा दबून बॅटरीच्या खुंट्यांना लागत होत्या, ठिणग्या पडत होत्या, आणि वरचा कापूस आतल्या आत धुमसत होता.

"इथं रबर होतं, बॅटरीवर झाकलेलं. कुठी गेलं?" मामा म्हणाले.

आईचा चेहरा उतरला. "ते काळं, फाटकं? ते तं म्याच काढून टाकलं... सीट नीट बसावी म्हून."



कापसातली आग वरून दिसत नाही, आत सरकत राहते. हे आईला कुणी सांगावं लागलं नाही. तिने उघड्या हातांनी तो सगळा कापूस ओढून काढला, पिंजून पिंजून रस्त्यावर पसरला, पायाखाली तुडवला. बोटं भाजली तरी थांबली नाही. मामांनी उरलेल्या ठिणग्यांवर पाणी ओतलं, जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बॅटरीवर घट्ट बसवला.

आता सीटमध्ये नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या. आई त्यांच्यावर बसली आणि ताईला तिने लहान लेकरासारखी मांडीवर घेतली. मोटार चालू झाली. आई आवाज न करता रडत होती. ताईने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "थांबला काहून? म्हण ना पुढं."

मी चौथ्या कडव्यापासून सुरू केली. कविता संपली की पुन्हा पहिल्यापासून... अमरावतीचा दवाखाना येईपर्यंत.

मुलगी झाली. ताई मात्र परत आली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशिरामुळे नाही, आजारच तसा होता. आईने ऐकून घेतलं. पण त्यानंतर ती कधीच गादीवर झोपली नाही... चटईवर झोपायची, कुशीत ताईच्या कुसुमला घेऊन.

मंगेश हा कुसुमचा मुलगा.

काल हात पुसत तो गाडीत बसला, तेव्हा मी नकळत पुटपुटत होतो म्हणे. त्याला पाहून गप्प झालो. त्याने चावी फिरवली आणि सहज म्हणाला, "थांबले काहून आजोबा? म्हणा ना पुढं."

त्याने ताईला पाहिलेलं नाही. त्याच्या आईलाही ती आठवत नाही. मी काचेबाहेर पाहिलं... आणि चौथं कडवं सुरू केलं.