हौदातले सर

मुलाला क्लासला घालताना तुम्ही निकालाचे फलक बघता, वसतिगृह बघता. पण क्लासच्या हौदात कधी वाकून पाहिलंत का? लातुरात मुलांना डॉक्टर करणारे सर गल्लोगल्ली सापडतील. गुडघाभर पाण्यात उभं राहून जीवशास्त्र शिकवणारे मात्र अख्ख्या मराठवाड्यात एकच झाले. ते माझे सहकारी होते, याचा मला आजही माज आहे.

सर मासे आवडीने खायचे. पण रविवारी बाजारात गेले की आधी माशाचं पोट चाचपायचे आणि ते अंड्यांनी भरलेलं लागलं की विकणाऱ्या खालाला समजावत बसायचे. "सर, मासा घ्यायचा हाय का बाळंतपण करायचंय?" खाला विचारायची. "बाळंतपणच," सर गंभीरपणे म्हणायचे, "पण ते तळ्यात व्हायला पायजे होतं."

एका उन्हाळ्यात गावाबाहेरचं तळं आटलं. चिखलात तग धरून राहिलेल्या सात मरळी सरांनी बादलीतून आणल्या आणि क्लासच्या हातपाय धुण्याच्या हौदात सोडल्या. मरळ मासा असूनही थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवा घेते. मुलं खिडकीतून तेच बघत बसायची. "हिला श्वास घ्यायला सुट्टी मिळते," सर म्हणायचे, "तुम्हाला?"

हे वाक्य संचालकांच्या कानावर गेलंच. आमची इमारत भूकंपानंतर बांधलेली, अजिबात न हलणारी, संचालकही तसेच. हुकूम निघाला: सोमवारी हौदात ब्लीचिंग पावडर.

सोमवारी पावडरचं पोतं आलं, तर सर पँट दुमडून हौदात उभे, हातात खडू. मुलं वह्या घेऊन काठावर.

"सर, बाहेर या. पालक बघायलेत," संचालक म्हणाले.

"बघू द्या. त्यांनी लेकरं तुमच्याकडं ठेवली, तशी मी माझी ठेवली. तळं भरलं की नेतो."

पालकांत चाकूरचा एक शेतकरी होता, मुलीचे मार्क विचारायला आलेला. मार्क राहिले बाजूला. "सर, विहिरीत जगतील का हे?"

"पाणी हाय का?"

"हाय. अन् जाळं टाकणारं कुणी न्हाई."

दुपारी मरळी दुधाच्या कॅनमधून त्याच्या जीपने गेल्या. सरांची नोकरीही त्याच दुपारी गेली. मी, चळवळीत पत्रकं वाटत आणि घोषणा देत वाढलेला, सकाळभर काठावर कोरडा उभा होतो. सर मला एवढंच म्हणाले, "कॅनचं झाकण घट्ट लावू नका."

सर आता नाहीत. त्या मरळी पुढे विहिरीतून काढून चाकूरकडच्या गावतळ्यात सोडल्या. पावसाळ्यात त्या शेतकऱ्याचा फोन येतो: पाण्यावर लाल पिलांचा घोळका दिसायलाय, खाली आईबाप राखणीला हायत. राखणीची मरळ पिलं सोडून पळत नाही, म्हणून जाळंवाले नेमके तेव्हाच येतात.

तुम्हाला कुठल्या तळ्यात असा घोळका दिसला, तर थोडं थांबा. जाळं घेऊन कुणी आला, तर पिलं मोठी होईपर्यंत दम धरायला सांगा. नाहीच ऐकलं, तर पँट दुमडा आणि उतरा.