तुमी म्हनाल तेवढं

“बाई, तुमची वेदना स्पंदनशील आहे की दाहक?”

मोठ्या डॉक्टरांनी असं विचारलं आणि माझ्या आईनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. सांगलीचा दवाखाना. बायकांचा वॉर्ड. खाटेभोवती शिकाऊ डॉक्टर, त्यांच्या मागं आम्ही नर्सिंगच्या मुली हातात ट्रे घेऊन उभ्या. खाटेवरची बाई माझी आई आहे हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

“व्हय,” आई म्हणाली.

“व्हय काय? स्पंदनशील की दाहक?”

“दोनी आसंल, सायेब.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

डॉक्टरांनी परदेशातून दुखणं मोजायची प्रश्नावली आणली होती. दुखणं कसलं, दुखणं किती, हे रोग्याला ठरावीक शब्दांत विचारायचं आणि त्यावरून औषध द्यायचं. कल्पना वाईट नव्हती, उगाच खोटं कशाला बोलू? पण तिचं मराठी केलं होतं डॉक्टरांच्या पुण्याच्या मेव्हण्यानं, आणि मेव्हणे संस्कृतचे प्राध्यापक. त्यांच्या मराठीत दुखायचं म्हणजे आधी मॅट्रिक पास व्हायला हवं.

“बरं, किती दुखतं ते सांगा. अत्यल्प, मध्यम, तीव्र, असह्य?”

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

“अहो बाई, किती? किती दुखतं?”

“तुमी म्हनाल तेवढं, सायेब.”

आता सगळे हसले. माझ्या शेजारच्या मुलीसुद्धा. डॉक्टर हसले नाहीत, ते शिकवू लागले. “बघा, यांचं दुखणंही आपणच ठरवायचं.” मग त्यांनी आईच्या पोटात चार बोटं रुतवली. आईनं हूं केलं नाही. मी पायथ्याशी होते. तिच्या दोन्ही पायांची बोटं आत वळली, गच्च, नखं पांढरी होईपर्यंत. डॉक्टर तोंडाकडं बघत होते. पायांकडं कोण बघणार? माझ्या आईच्या पायांकडं कुणी कधी बघितलंय?

“पाहिलंत? दगड फोडणारी माणसं ही. आपल्याइतकं दुखत नाही यांना. कातडंच तसं असतं.”

आणि त्यांनी ‘अत्यल्प’वर खूण केली.

मी ट्रे घेऊन एक पाऊल पुढं टाकलं. सिस्टरनं डोळे वटारले. मी ट्रे पोटाशी धरला.

आम्ही माणमधले. बाहत्तरच्या दुष्काळात आईनं दहिवडीच्या रस्त्यावर खडी फोडली. पोटातलं दुखणं तेव्हाचंच. दुष्काळ हटला, दुखणं हटलं नाही. तिनं ते पदराखाली वागवलं आणि मला शिकायला सांगलीला धाडलं. शेवटी उभं राहवेना, तेव्हा मीच तिला एस.टी.नं घेऊन आले. वाटेत शेजारी बसलेल्या बाईला तिनं दोनदा सांगितलं, “माजी पोर हाय तितं. मला काय भ्या न्हाई.” हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

शेजारच्या खाटेवर इस्लामपूरकडच्या बागायतदाराची सून होती. तिच्या पित्ताशयात खडे. कळ आली की ती वॉर्ड डोक्यावर घ्यायची आणि सिस्टर इंजेक्शन घेऊन पळायच्या. तिचं दुखणं खोटं नव्हतं. पण तिला ओरडायची मुभा होती. तिच्या पोटात खडे, माझ्या आईच्या नशिबात खडी. त्या दुपारी ती मला कौतुकानं म्हणाली, “तुजी आई लय सोशीक हाय गं. आमास्नी न्हाई बाई जमत.” सोशीक म्हटलं की इंजेक्शन वाचतं.

राउंड संपल्यावर डॉक्टरांनी मला बोलावलं.

“तू त्यांच्यातलीच ना? हे तुमच्या भाषेत करून आण.”

तुमच्या भाषेत. राग आला. तरी कागद घेतला. वाटलं, शब्द कळले तर आई बोलेल. आई बोलली तर कुणीतरी नीट तपासेल. एवढ्याच आशेवर आईच्या खाटेशी बसले.

“आये, दुखण्याला काय काय म्हंत्यात आपल्यात?”

ती हसली. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा हसली. “ह्ये काय इचारतीस? फोड ठणकतो. कंबरंत चमक निगती. बाळंतपनात कळा येत्यात. मिरच्या कांडल्या की हाताची आग हुती. काटा मोडून ऱ्हायला की सलतो.”

“आन तुज्या पोटात?”

“पिळतंय गं. धुनं पिळल्यागत.” मग म्हणाली, “आन रातचं ठणाकतंय.”

म्हणजे तिला सगळं सांगता येत होतं. स्पंदनशीलही आणि मेव्हण्यांना माहीत नसलेलंही.

“आन मग किती दुखतं ते का सांगितलं न्हाईस?”

आईचं तोंड उतरलं. ती खालची चादर चाचपत राहिली. मग तिनं खळ्याची गोष्ट सांगितली. ती परकरी पोर असताना तिची आई तिला बलुतं मागायला खळ्यावर घेऊन गेली होती. वर्षभर गावाचं पडेल ते काम करायचं आणि सुगीला मळणी झाली की खळ्याच्या कडेला पदर पसरून उभं राहायचं. मालकानं सूप उचललं आणि गमतीनं पोरीलाच विचारलं, “किती घालू गं?”

“म्या म्हनलं, पाटीभर घाला.”

खळ्यावरचे गडी हसले. मालकानं सुपातलं धान्य परत राशीवर ओतलं. “पोरीला बोलाय शिकवा,” म्हणाला. तिच्या आईनं तिथंच, सगळ्यांदेखत, तिच्या थोबाडीत दिली. आणि तिच्याकडून म्हणवून घेतलं, “तुमी घालाल तेवढं.”

“मग?”

“मग ओंजळभर जादा घातलं त्येनं,” आई म्हणाली. “तवापास्नं किती म्हून कुनी मोठ्या मानसानं इचारलं, की त्येच येतं तोंडात.”

मी कागद खाली ठेवला. आम्ही दीक्षा घेतली. बलुतं सुटलं, मेलेलं ढोर ओढणं सुटलं, घरातले देव गेले. ते वाक्य तेवढं आईच्या जिभेखाली राहून गेलं होतं. ठणका, पीळ, कळ सगळं मी लिहून देऊ शकत होते. पण आईची वाचा बसत होती ती ‘वेदना’ या शब्दानं नव्हे. ‘किती’ या शब्दानं. आमच्यात तो प्रश्नच नव्हता. ती आमची पायरी दाखवायची रीत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कागद दिला आणि म्हटलं, “सर, शब्द झाले. पण किती असं विचारून चालणार नाही. दुखण्यामुळं काय करता येत नाही, ते विचारा. पाणी भरता येतं का, कुशीवर होता येतं का. आणि खाली बसून विचारा, म्हणजे त्या सांगतील.”

त्यांनी चष्मा काढला. “प्रश्न मी बदलायचे? तू तुझ्या लोकांना उत्तरं द्यायला शिकव.”

मग राउंड. त्यांनी माझा कागद शिकाऊ डॉक्टरांना वाचून दाखवला, एकेक शब्द चघळत. “ठणाकतंय. पिळतंय. हे आपलं नवं वैद्यकशास्त्र.” पुन्हा हसू. माझ्या आईचं दुखणं ते तिच्याच खाटेशी उभं राहून तमाशातल्या सोंगाड्यासारखं वाचत होते.

“हं बाई, आता तुमच्या भाषेत. किती दुखतंय?”

आईनं माझ्याकडं बघितलं. मग त्यांच्याकडं. पदर पुढं आला.

“तुमी म्हनाल...”

“न्हाई!”

तो आवाज माझा होता, हे मला मागाहून कळलं. ट्रे खाली पडला होता. बाटली फुटून स्पिरिटचा वास सुटला होता. मी सगळ्यांना सारून खाटेशी गेले.

“आये, ह्ये खळं न्हाई. आन ह्ये मालक न्हाईत. पोट तुजं हाय. तू सांग.”

सिस्टरनं माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला. आईचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग तिच्या घशातून काहीतरी निघालं, आधी बारीक, मग मोठं. ती ओरडली. इतक्या वर्षांचं एकदम ओरडली. मी तिच्या पोटची, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“लय दुखतंय, सायेब! लय म्हंजे लय! माज्यानं न्हाई सोसत!”

डॉक्टरांचं तोंड पांढरं पडलं. कुणी हसलं नाही.

पोट उघडलं ते त्यानंतर. आत गाठ होती आणि ती सगळीकडं पसरली होती. उघडलं तसं मिटवलं. आधी उघडलं असतं तर ती वाचली असती का, मला ठाऊक नाही. कुणी सांगितलंही नाही. शेवटी शेवटी तिला इंजेक्शनं मिळाली, मागेल तेव्हा. ती मागायला शिकली आणि गेली. मी तिचे पाय धरून बसले होते. बोटं सैल पडली, तेव्हा मला कळलं.

मेट्रननं बोलावून घेतलं. “राउंडमध्ये बोललीस. चुकलं म्हण, विषय संपेल.”

“चुकलं नाही,” मी म्हटलं.

प्रश्नावली पुढं दवाखान्यात चालू राहिली. माझे शब्द त्यात घेतले. ‘किती’ हा प्रश्न मात्र जागचा हलला नाही.

आईला माती देऊन गावात होते, तेव्हा वाटेवर एक म्हातारा भेटला. त्याच खळ्याच्या मालकाचा मुलगा, आता वयानं वाकलेला. माणूस वाईट नव्हे. काठी टेकून थांबला.

“आई गेली म्हनं तुजी. चला, थोडक्यात सुटली बिचारी.”

त्यानं ते मायेनंच म्हटलं. आणि आमची रीत मला माहीत होती. मान खाली घालायची, व्हय म्हणायचं, वाट द्यायची. मी वाट दिली नाही.

“थोडक्यात न्हाई, बापू. तुमाला ठाव न्हाई. किती ते म्या सांगते, तुमी ऐका.”

तो ऐकत उभा राहिला. ऊन होतं. मी सगळं सांगितलं, खळ्यापासून.

आता कुणीही विचारावं. डॉक्टरनं, साहेबानं, सरकारनं. माझ्या माणसांना किती दुखलं, किती दुखतंय, याचं माप तुमच्या हातात नाही. ते मी म्हणेन तेवढं. आणि भरेन ते वर शीग लावून.