पुसलेला उजेड

वेधशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. बावीस वर्षं ती ताऱ्यांचा उजेड मोजत होती आणि अलीकडे तिला सगळ्याचीच किळस येई: कीबोर्डच्या फटींतल्या मळाची, खिडकीला चिकटून मेलेल्या माश्यांची, बोटाला थुंकी लावून तिचे कागद उलटणाऱ्या सरांची.

दूरच्या दीर्घिकेत एक श्वेत बटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा घट्ट गोळा, फुटला होता. असे तारे फुटले की मागे काही उरत नाही. हा मात्र फुसका बार निघाला. नेहमीच्या दहाव्या हिश्शाएवढाच उजळला. तरी सरांच्या मॉडेलमध्ये तो अख्खा उडाला होता आणि तिचे आकडे मॉडेलच्या रेषेवर मुकाट बसले होते. शोधनिबंध दुपारी छापायला जायचा होता. त्यावर पहिल्यांदाच तिचं नाव होतं.

सकाळी ती शेवटचं तपासायला बसली. रीत साधी होती. ताज्या चित्रातून त्याच जागेचं, तारा नसतानाचं चित्र वजा करायचं. उरेल तो ताऱ्याचा उजेड. ते ‘रिकामं’ चित्र तिनंच निवडलं होतं. तिनं तारीख पाहिली. स्फोटानंतर चौदा महिन्यांची. तोवर तारा विझलाच असणार, असं ती तेव्हा धरून चालली होती.

मग तिनं स्फोटाआधीचं, जुन्या कॅमेऱ्याचं चित्र शोधून तेच वजा केलं. आकडे शून्यावर उतरेनात. चौदा महिन्यांनंतरही तिथं उजेड होता, स्फोटाआधीपेक्षा जास्तच. ताऱ्याचं काहीतरी शिल्लक होतं आणि ते तिनं कळकट फडक्यानं ओटा पुसावा तसं पुसून टाकलं होतं. तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली.

सर डबा खात होते.

“तो जुना कॅमेरा? मोतीबिंदू झालाय त्याला,” ते घास चावत म्हणाले. “त्याच्या साक्षीवर माझं मॉडेल फासावर देऊ?”

“चूक माझी आहे, सर. चित्र मी निवडलं.”

“मग बोभाटा कशाला करता? मी तर कुणाला सांगत नाही.” हनुवटीवरचं तेल त्यांनी तिच्याच आलेखाला पुसलं. “नाव लागतंय, घरी सांगितलं असेल ना?”

“यांना सांगितलं. यांनी सासूबाईंना, सासूबाईंनी गल्लीला.”

“झालं तर. आता गल्लीत जाऊन सांगणार, तारा जिवंत आहे म्हणून?”

ते मायेनं हसले. त्या मायेनंच तिला मळमळलं.

टेबलाशी आली तर नियतकालिकाचं पत्र आलेलं: निबंध मान्य आहे का, प्रत्येक लेखकानं कळवावं. तिनं ‘नाही’ लिहिलं, खाली कारण लिहिलं आणि सरांनाही प्रत जोडून पाठवून दिलं.

पाच मिनिटांत सर दारात. “नाव काढून टाकीन तुमचं.”

“काढा. आकडेही काढा मग. ते माझेच आहेत आणि चुकीचे आहेत.”

निबंध त्या दुपारी छापायला गेला नाही. ती पहिल्या तारखेपासून पुन्हा मोजायला बसली. चारशे बारा चित्रं होती. मोरीतला गाळ उपसावा तशी प्रत्येकातून आपली चूक उपसायची होती. किळस येत होती, पण हात चालू होते.