दुखलं तेव्हाच खरं वाटलं?

किहीमला आमच्या घरामागे नारळीच्या वाडीत चार खोल्या आहेत, त्या पर्यटकांना भाड्याने देतो. दुपारी नवे पाहुणे यायला लागले की नेमकी त्याच सुमारास माझ्या डाव्या डोळ्यामागे कळ उठायची. डोळा लालबुंद, पाणी गळतंय, नाक चोंदलेलं. बसवत नसे, पडवत नसे. मी अंगणात येरझारा घालायचो, माडाच्या बुंध्यावर डोकं आपटायचो. तासाभराने सगळं शांत. काही आठवडे रोज हेच, मग कित्येक महिने काहीच नाही.

एका पाहुण्याने इंटरनेटवर लिहिलं, ‘खोल्या छान, पण मालक भरदुपारी प्यायलेला असतो.’ मी जन्मात दारूला शिवलेलो नाही. शेजारचे काका म्हणाले, “काय न्हाय रं, पित्त हाय.” ते मायेने बोलत, त्यांचा राग आला नाही. राग आला अलिबागच्या डॉक्टरांचा. आधी सायनस म्हणाले, मग टेन्शन. शेवटी बायकोच्या देखत म्हणाले, “बायकांसारखं डोकं धरून काय बसता?”

एके दिवशी बायको मोबाइल घेऊन धावत आली. “अहो, हे वाचा. हे तुमचंच लिहिलंय.” क्लस्टर हेडेक, म्हणजे अशी ठरावीक वेळी डोळ्यामागे उठणारी डोकेदुखी, असलेल्यांचा तो ग्रुप होता. मी त्यात शिरलो. तिथे कोणी हुकूम सोडत नव्हतं. जन्मभर सोसलेली माणसंही लिहायची, ‘मला असं केल्याने उतार पडला, तुमचं वेगळं असेल, डॉक्टरांना विचारा.’ कळ उठताच मास्कने ऑक्सिजन घेतला तर अनेकांना आराम पडतो, हे मला तिथे कळलं. विचारायला गेलो तर अलिबागचे डॉक्टर हसले. “ऑक्सिजन तर तुमचा उत्तम आहे. कोणी सांगितलं, ग्रुपने? मग औषधंही तिथूनच घ्या.”

त्याच आठवड्यात विदर्भातल्या एका तरुण डॉक्टरने ग्रुपवर लिहिलं, ‘मलाही हे सुरू झालंय. अशीच तक्रार घेऊन आलेल्या एका बाईंना मी मन रमवा म्हणून परत पाठवलं होतं. मला इथे शिकू द्या.’

माझं डोकं सणकलं. मी लिहिलं, ‘तुम्हाला दुखलं तेव्हाच खरं वाटलं?’

मग त्याचं उत्तर आलं, ‘हो. तेव्हाच.’

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने मला फोन केला. ग्रुपमध्ये सर्वांत जुन्या त्याच. “तुम्ही लिहिलंत ते खोडू नका,” त्या म्हणाल्या. “पण त्याला घालवूही नका. मी इतकी वर्षं भोगतेय, मला तरी कुठे सगळं कळलंय?”

“बाई, माझा संताप जात नाही.”

“राहू दे की. रागावलेल्या माणसानेही शिकावं.”

पुढची युक्ती त्यांचीच: दुखणं सांगू नका, नेऊन दाखवा. कळ उठायच्या वेळेआधी मी पनवेलला मेंदूच्या डॉक्टरांच्या दारात जाऊन बसलो. तिथेच कळ आली. त्यांनी आत घेतलं, लोंबलेली पापणी पाहिली, मास्क लावला. थोड्या वेळाने कळ ओसरली आणि मी बायकोसमोर, नर्ससमोर हुंदके देऊन रडलो. आनंदाने नव्हे. इतकं साधं होतं, तर इतकी वर्षं मला कोणी का नाही दिलं, या चिडीने.

विदर्भातल्या डॉक्टरने त्या बाईंना शोधून काढलं. घरी जाऊन चूक कबूल केली, त्यांना नीट उपचार मिळवून दिले. आता त्याही ग्रुपवर आहेत. त्यांनी त्याला माफ केलेलं नाही, तसं त्या सर्वांदेखत लिहितात. काही अडलं तर मात्र त्यालाच विचारतात. तो पुष्कळदा लिहितो, ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो,’ आणि खरोखर सांगतो. अलिबागच्या आमच्या डॉक्टरांच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द मी अजून ऐकलेले नाहीत.