लायसनवाली वहिनी

"भाऊ, तुमी डोयानं पाह्यलं का?"

दुकानात आल्यावर ताईंचा पहिला प्रश्न बहुधा हाच असे. मी सांगायचो, ही वायर पूर्ण गेजची, म्हणजे पूर्ण जाडीची आहे, कंपनीचा माणूस तसं सांगून गेलाय. त्या बंडल उचलून टोक सोलायच्या, तांब्याच्या तारा बोटांत पसरून उजेडाकडे धरायच्या. पटलं तर "द्या" म्हणायच्या. नाही पटलं तर बंडल परत काउंटरवर.

पांढरकवड्याला बसस्टँडमागे माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. तुमच्याही गावात असं एखादं दुकान असेल, जिथे सकाळी वायरमन आणि कंत्राटदार चहा पीत उभे असतात आणि तांब्याच्या भावावरून सरकारला नावं ठेवतात. माझ्याकडच्या त्या घोळक्यात बाई एकच होती. सगळे त्यांना लायसनवाली वहिनी म्हणायचे. मी ताई म्हणायचो.

त्या नावामागे कारण होतं. त्यांचा नवरा वायरमन, कामात हात अगदी साफ, पण शिक्षण आयटीआयपुरतं. विजेच्या कामाचं कंत्राटदाराचं लायसन काढायचं तर पदरी सुपरवायझरचं प्रमाणपत्र असलेला माणूस लागतो. ताई नेरच्या. त्यांनी यवतमाळला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता, लग्नाआधी अमरावतीला पॅनल बनवायच्या कारखान्यात नोकरी केली होती आणि प्रमाणपत्रही मिळवलं होतं. लग्नानंतर लायसन त्यांच्याच नावानं निघालं. "लोकायनं हुंड्यात गाडी घेतली, म्या लायसन घेतलं," असं नवरा स्वतःच हसत सांगायचा.

सुरुवातीला त्यांचं सरळ चाललं होतं. नवरा कामं करी, ताई घरी सही करत. नवीन मीटर घ्यायचं तर लायसनवाल्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. घरातली वायरिंग मी तपासली, ती सुरक्षित आहे, असं त्यावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही-आम्ही जाणतोच. माझ्या काउंटरवर उभ्या उभ्या सह्या झालेल्या मी पाहिल्यात, सही करणाऱ्याला त्या गावाचा रस्ताही माहीत नसायचा. दोष तरी कोणाला द्यावा? तपासायला जायचं म्हणजे पेट्रोल गेलं, अर्धा दिवस गेला, आणि गिऱ्हाईक तर सहीचेही पैसे कमी करून मागतं.

पोरं शाळेत जायला लागली तशा ताई स्वतः पाहायला जाऊ लागल्या. स्कूटीच्या पुढ्यात मेगरची पेटी, म्हणजे वायरमधून करंट गळतो का ते तपासायचं यंत्र. केळापूरला एका म्हाताऱ्या बाबांच्या नव्या घरी गेल्या तेव्हा बाबांना वाटलं, अंगणवाडीचं काही काम असेल. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. चहा येईस्तोवर ताईंनी सगळं घर तपासलं, गच्चीवर जाऊन आल्या. बाबांनी विचारलं, साहेब कधी येतील?

"आलते बाबा," कपबशी खाली ठेवत ताई म्हणाल्या. "आता निघाले."

बाबांनी ही गोष्ट सगळ्या गावाला सांगितली. त्यानंतर केळापूरची बरीच कामं त्यांच्याकडे आली.

पण सगळीकडे असं झालं नाही. रोडवर एक नवीन मंगल कार्यालय झालं. वायरिंग बाहेरच्या मजुरांनी केलेली, फक्त रिपोर्ट हवा होता. मालक नवऱ्याच्या ओळखीचा. पुढे त्याचं लॉजचं कामही निघणार होतं. नवऱ्यानं शब्द देऊन टाकला. ताई गेल्या, पाहून आल्या आणि त्यांनी नाही म्हटलं. गळलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची तार भिंतीतून खाली आली होती आणि फरशीखाली कुठेच जोडलेली नव्हती. मालक म्हणाला, लग्नाची तारीख धरली आहे, आता फरशी उखडू का? त्यानं दुसऱ्या लायसनवाल्याची सही घेतली आणि लॉजचं कामही त्यालाच दिलं.

त्या दिवसांत नवरा-बायको माझ्या दुकानात येत ते वेगवेगळे. कार्यालयात लग्नं सुरू झाली, आजही होतात, अजून तिथे कोणाला साधा झटका बसल्याचं ऐकिवात नाही. पुढे एकदा नवऱ्यानं माझ्यासमोरच त्यांना हे ऐकवलं.

"पाह्य, काई झालं का तिथं?"

"होईल असं मी कुठं म्हटलं?" ताई म्हणाल्या. "त्या कागदावर लिहेल राह्यते, मी तपासलं आन् बरोबर हाय. बरोबर नव्हतं. येवढंच म्हटलं मी."

नवरा वायर घेऊन निघून गेला.

मग धंद्याचीच चाल बदलली. तांबं इतकं वर-खाली होऊ लागलं की मी दिलेला भाव आठवडाभरही टिकेना, आणि गिऱ्हाईक मात्र दिव्या-पंख्याच्या पॉइंटमागे जुनाच दर धरून बसलेलं. मोठ्या इमारतींची कामं परप्रांतातल्या टोळ्या घेऊ लागल्या. सरकारी टेंडरला मागच्या वर्षांची अशी उलाढाल दाखवायला लागे, की आमच्या घोळक्यातला एकही त्यात बसत नव्हता. ज्यांची लायसनं होती ते मोठ्या कंत्राटदारांच्या हाताखाली गेले. सोलरचं काम वाढलं, तेही नागपूरच्या कंपन्यांच्या हाती.

अशीच एक कंपनी ताईंकडे आली. मुकुटबनच्या बाजूला सोलरचं काम घेतलं होतं, त्यांना सुपरवायझर हवा होता. माणूस म्हणाला, तुम्ही यायची गरज नाही मॅडम, फक्त प्रमाणपत्र द्या, घरबसल्या पगार मिळेल.

ताई त्याला म्हणाल्या, "एकटा कागद येनार नाही. मी येईन त्याच्यासंगं."

तो विचारून कळवतो म्हणून गेला आणि काही दिवसांनी खरंच हो म्हणून फोन आला. पण अडचण वेगळीच होती. सुपरवायझरला एका वेळी एकाच कंत्राटदाराकडे नाव लावता येतं. ताई कंपनीत गेल्या की घरचं लायसन बंद, आणि नवऱ्याचा धंदाही. मोठी मुलगी त्याच वर्षी कॉलेजला जायची होती, पगार सोडण्यासारखा नव्हता. तरी ताईंनी कंपनीला नाही कळवलं. नवऱ्याला याबद्दल काही विचारलंही नाही.

हे त्याला कळलं ते माझ्याकडून. ताईंनी मला सांगितलं होतं, ते मी सहज बोलून गेलो, त्याला माहीत असेल असं समजून. तो स्विचची खोकी इकडची तिकडे करत राहिला. मग म्हणाला, "इतके वर्सं मी तिच्या सहीवर पोट भरलं. आता माह्यं मी पाहतो."

आणि पंचेचाळिशी ओलांडलेला तो माणूस सुपरवायझरच्या परीक्षेला बसला. दुपारी दुकानात गर्दी नसे तेव्हा माझ्या पंख्याखाली बसून वाचायचा. मी विचारलं, घरी का नाही वाचत? म्हणाला, "घरी मास्तरीण हाय. रागावत नाही, नुसती पाह्यते. त्याचाच तरास होते." पहिल्या वेळी तोंडी परीक्षेत अडखळला. उत्तरं येत होती, पण साहेबासमोर शब्द फुटेना. मग ताई रोज संध्याकाळी साहेब होऊन खुर्चीवर बसायच्या आणि त्याला समोर उभं करायच्या. पोरं हसायची, तोही हसायचा, पण उत्तर मात्र उभ्यानं द्यायचा. दुसऱ्या वेळी पास झाला.

लायसन त्याच्या नावावर झालं तेव्हा कंपनीचं मुकुटबनकडचं पुढचं काम निघालंच होतं, आणि या वेळी ताईंनी हो कळवलं. घरावरची ताईंच्या नावाची पाटी नव्यानं रंगवायला पेंटर आला, त्या दिवशी ताई माझ्याकडे आल्या. काही घ्यायचं नव्हतं. स्टुलावर बसल्या. मी चहा सांगितला.

"चांगलं वाटून राह्यलं भाऊ," त्या म्हणाल्या. "पन आपलं नाव पुसताना कोन पाह्यते? म्हनून आली इकडं."

पेंटरचं काम होईपर्यंत त्या बसल्या. आम्ही पावसापाण्याचं बोललो.

आता त्या मुकुटबनला खोली घेऊन राहतात. शनिवारी रात्री येतात, सोमवारी सकाळच्या बसनं जातात. सकाळचा घोळका अजून जमतो, तांब्याचा भाव निघतो. कोणी नवखा टेस्ट रिपोर्टसाठी लायसनवाल्या वहिनी कुठे भेटतील म्हणून विचारतो, तेव्हा मी नवऱ्याचा नंबर देतो.

सोमवारी मी दुकानाशी पोचतो तेव्हा ताईंचा नवरा त्यांना बसमध्ये बसवून स्टँडवरून येत असतो. दुकानाची नेहमीची वेळ अजून झालेली नसते, त्यालाही कामावर लगेच जायचं नसतं. मी खाली वाकून कुलूप काढतो आणि तो शटर वर ढकलतो. मग आम्ही दोघं आत जाऊन दिवे लावतो.