कोड लखनच्या नंबरवर

म्हाळू मेंढक्या वारला तेव्हा त्याचा एक धड फोटो घरात नव्हता, पण आवाज होता. तो शिवकन्येनं, त्याच्या पोरीनं, धरून ठेवला होता. अंबाजोगाईला कॉलेजात असताना सुट्टीत ती बापामागं कळपात जायची आणि त्याच्या तोंडापुढं मोबाइल धरून म्हणायची, "बोला आबा." म्हाळू बोलायचा. कळप पाण्यावर न्यायची हाक निराळी, लांडगा दिसला तर निराळी, आईपासून चुकलेल्या कोकराला चुचकारायची निराळी. मधेच खोकायचा. मधेच बायकोची, मंगलची, नक्कल करून स्वतःच हसायचा.

लग्न होऊन केजजवळच्या गावी आल्यावर तिनं हे सगळं घरच्या कॉम्प्युटरवर चढवलं. त्यावरच ती लग्नपत्रिका, अर्ज टाइप करून द्यायची. जुना मोबाइल कधीच मोडीत गेला होता. एका उन्हाळ्यात लाइटीच्या ये-जा करण्यात कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बसली. केजच्या दुरुस्तीवाल्यानं खटपट करून आवाज परत काढून दिले, पण बजावलं, "ताई, याची एक प्रत ऑनलाइन ठेवा. दर बारीला जमंलच असं न्हाई."

मग कितीतरी दिवस शिवकन्येला तोच ध्यास. एका कंपनीचं असं, की इथं चुकून पुसलं तर तिथूनही जाणार. ती नको. दुसरीत किल्ली फक्त तुमच्या हाती. पासवर्ड विसरलात तर कंपनीलाही ते उघडता यायचं नाही. आपणच विसरलो तर? तिसरी कंपनी पुसलेलंही बरेच दिवस जपायची आणि पासवर्ड विसरला किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर खातं उघडलं, तर मोबाइलवर कोड पाठवून खात्री करून घ्यायची. ही तिला पटली.

"नंबर कुणाचा टाकू?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"माझा टाक की," लखन म्हणाला. "तुझ्या फोनला घरात रेंज ऱ्हाती का? आन् मी काय परका हाय?"

तेव्हा तो परका नव्हता. तिनं त्याचा नंबर टाकला.

लखन आप्पारावांच्या मागं फिरायचा. आप्पाराव मोठे जमीनदार. त्यांनी बोट दाखवावं आणि तो माणूस निवडून यावा, अशी गावची रीत. सरपंचपद बाईसाठी राखीव सुटलं आणि बोट शिवकन्येवर आलं. मतं मागायला ती चिखल तुडवत धनगरवस्तीवर गेली. तिथल्या बायकांनी एकच मागितलं, रस्ता. पावसाळ्यात बाळंतीण बाजेवर घालून न्यावी लागते, म्हणाल्या. शिवकन्येनं शब्द दिला आणि निवडून आली.

वर्षभरानं त्या रस्त्याचं बिल सहीला आलं. रस्त्यावर खडीचा एक दगड पडला नव्हता.

"सही कर," लखन म्हणाला.

"रस्ता कुठं हाय?"

"तुला लई अक्कल आली का गं?" आणि आप्पारावांच्या माणसांदेखत त्यानं तिच्या थोबाडीत मारली.

अंगावरच्या लुगड्यानिशी ती मांजरसुंब्याकडं आईच्या घरी निघून आली. कॉम्प्युटर मागं राहिला. चार-आठ दिवसांनी निरोप आला, लखननं तो विकला.

शिवकन्या घाबरली नाही. प्रत होती ना. भावाच्या, बजरंगच्या, लॅपटॉपवर तिनं खातं उघडायला घेतलं. पासवर्ड बरोबर निघाला. पुढं अक्षरं आली : तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर कोड पाठवला आहे.

तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "मॅडम, तुमचा डेटा पूर्ण सुरक्षित आहे. पण ज्यांचा नंबर आहे त्यांच्या संमतीशिवाय आम्ही नंबर बदलू शकत नाही."

शेवटी तिनं लखनला फोन केला.

"आलाय कोड," तो म्हणाला. "सांगतो की. तू आधी बिलावर सही कर."

"माझ्या बापाचा आवाज हाय त्यो, लखन."

"म्हणून तर म्हणतो, कर."

मंगल दाराशी बसून ऐकत होती. तिला कोड कळत नव्हता, बिल कळत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "त्येंचा आवाज गेला का गं, बाई?"

शिवकन्येनं तीन दिवस काढले. धड जेवली नाही. चौथ्या दिवशी एसटीनं केजला, तिथून सासरच्या गावी गेली आणि आप्पारावांच्या ओट्यावर, सगळ्यांदेखत, रस्ता पूर्ण झाल्याची सही केली. तिनं आपल्या मोबाइलवरून नवा कोड मागवला आणि लखननं तो सांगितला. मी शब्दाला जागलो, असं वर म्हणालासुद्धा. तिनं तिथंच उभ्या उभ्या नंबर बदलून आपला घातला.

परत येताना जीपमध्ये धनगरवस्तीवरची एक बाई भेटली. "सरपंचबाई, औंदा हुतोय न्हवं आमचा रस्ता?" तिनं विचारलं. शिवकन्येनं खिडकीबाहेर तोंड केलं.

घरी बजरंगनं आवाज लावला. म्हाळू खोकला, हसला, कळपाला हाळी दिली. मंगलनं पदर तोंडाला लावला आणि रडता रडता हसू लागली. "अगं ये की, शिवकन्ये! तुजं नाव घेतंय बघ म्हातारं!"

"तू ऐक," शिवकन्या म्हणाली आणि घागर घेऊन हापशाकडं गेली. घागर भरली तरी ती हापसतच राहिली.