लाइट गेली, तरी माझा पेपर थांबला नाही

मंडळी, आज माझ्या हातून एक घोळ झालाय. कुणाशी तरी बोलायलाच हवं.

आमच्या कॉलेजच्या ऑनलाइन कोर्सची पहिली परीक्षा मी तयार केली. कॉपी होऊ नये म्हणून घड्याळ लावलं. अर्धा तास झाला की पेपर आपोआप बंद. सगळ्यांना सारखा वेळ म्हणजे न्याय, असं मला वाटलं.

दुपारी त्र्यंबककडच्या मनीषा या विद्यार्थिनीचा सायबर कॅफेतून फोन आला.

"मॅडम, तिसऱ्याच प्रश्नाला लाइट गेली. आमच्याकडं या टायमाला भारनियमन असतंच की! आता आली, तर पेपर उघडेना."

आमच्या इथे नाशिक रोडला त्या वेळी लाइट असते. वेळ ठरवताना मी एवढंच पाहिलं होतं.

"पुन्हा घ्याल ना ओ? नापास झाले तर घरचे म्हनतात, कॉलेज बंद."

मी घरातली पहिली पदवीधर. माझ्याही घरी हेच म्हणायचे. तिचं शिक्षण माझ्यामुळे थांबलं तर?

आमच्या विभागप्रमुख सरांना विचारलं. म्हणाले, "नियम तुमचाच ना, मॅडम? एकीसाठी मोडणार?"

उद्या सकाळी निकाल आहे, त्याआधी मनीषाचा पेपर पुन्हा घ्यायला सरांना पटवायचंय. घड्याळ न लावता तुम्ही कॉपी कशी रोखता? कुणी अशी परीक्षा घेतली असेल तर कृपया आजच लिहा.